वस्तीतल्या सेवांची खुली यादी: पहिल्या चाळीस नोंदी करायच्या कशा आणि टिकवायच्या कशा

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज दुपारी मिळणार आणि घरी ना वॉकर, ना कमोडची खुर्ची. अनामत घेऊन रुग्णसाहित्य वापरायला देणाऱ्या जागा आपल्या भागात आहेत, हे सगळ्यांनाच ऐकून माहीत असतं. त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर फिरणारी एक यादी शोधून काढली. अकरा नंबर होते. चार लागलेच नाहीत. दोन भलत्याच ठिकाणी लागले. सातवे गृहस्थ म्हणाले, "अहो, मी ते काम तीन वर्षांपूर्वी सोडलं. रोज फोन येतात, काय करू सांगा?" आठव्या नंबरावर वॉकर मिळाला.

ती यादी कुणीतरी मनापासून केलेली होती आणि केली त्या दिवशी बरोबरच असणार. तो दिवस कोणता, हे मात्र तिच्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि बेडच्या याद्या फिरत होत्या, तेव्हा शहाणे स्वयंसेवक प्रत्येक नंबरापुढे 'दुपारी सव्वाचारला तपासला' असं लिहीत. तेवढ्या तीन शब्दांवर माणसं त्या नंबराला फोन करायचा की नाही हे ठरवत. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, तो 'तपासल्याची तारीख' हा रकाना विसरू नका.

आम्ही चौघंजण पुण्यात आमच्या भागापुरती अशी यादी चालवतो. अंगणवाड्या, पाळणाघरं, रुग्णसाहित्य केंद्रं, विरंगुळा केंद्रं, मोफत कायदा सल्ला, डबा पोचवणारी मंडळं असं सगळं तिच्यात आहे. यादी 'खुली' आहे, म्हणजे कुणीही बघावी, उतरवून घ्यावी, आपल्या ॲपमध्ये घालावी, छापून दवाखान्याच्या भिंतीवर लावावी. विचारायला यायची गरज नाही. आमच्या हातून झालेल्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

हद्द आणि आकडा आधी ठरवा

'पुणे शहरातील सर्व सामाजिक सेवा' असं नाव देऊन सुरू केलेली यादी तिसऱ्या महिन्यात बंद पडते. एक प्रभाग घ्या, किंवा पायी अर्ध्या तासात फिरता येईल एवढा भाग घ्या. आणि चाळीस नोंदींवर थांबा. चाळीसच का, तर एवढ्या नोंदी दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायच्या म्हटल्या तर आठवड्याला तीन फोन पुरतात. तेवढे संध्याकाळी कुकर होईपर्यंत होतात. चारशे नोंदी केल्यात तर तीस फोन, आणि ते कुणीच करत नाही.

देशभर चालणारे नंबर वेगळ्या पानावर ठेवा: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७ (हा सकाळी ८ ते रात्री ८), मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, कायदेविषयक मदतीसाठी १५१००. हे वर्षातून दोनदा तपासले तरी पुरे.

माहिती कुठे मिळते

सगळ्यात आधी सरकारी कागद बघा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने १७ बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. त्यामुळे अर्ज करायच्या आधी 'कलम चारची माहिती कुठे लावली आहे?' असं विचारा. पुष्कळदा फाइल निघते. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे कोणता दाखला किती दिवसांत मिळायला हवा याचे फलकही लागलेले असतात. त्यांचे फोटो काढून ठेवा.

सरकारी पीडीएफमधला मजकूर उचलताना जपा. जुने कागद श्रीलिपी, सुरेख असल्या फॉन्टमध्ये असतात. तिथून कॉपी केलं की रोमन अक्षरांचा खिचडा हातात येतो. नवे युनिकोडमधले असले तरी पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. आम्ही आता उचलतच नाही, बघून टाइप करतो. चाळीस नोंदींना एक रविवार लागतो.

विश्वस्त संस्थांसाठी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघता येते. १९५० च्या कायद्याखाली प्रत्येक न्यासाला नोंदणी क्रमांक असतो. संस्था खरी आहे का, हे त्यावरून कळतं. पण तिथला पत्ता अनेकदा एखाद्या विश्वस्तांच्या राहत्या घराचा असतो. सेवा भलतीकडेच चालते आणि तुमची यादी वाचून लोक त्यांच्या दारात उभे राहतात.

आणि शेवटी पायी फिरा. आशाताई, अंगणवाडीताई, मेडिकलवाले, रिक्षा स्टँड यांना विचारा. शहरातल्या कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत असतात आणि खोली सोडावी लागली की दोन गल्ल्या पलीकडे जातात. कागदावरचा पत्ता बदलायला वर्ष लागतं, गल्लीतल्या बायकांना त्याच दिवशी कळतं.

संस्था, सेवा, ठिकाण: तीन वेगळ्या याद्या

नवीन माणूस एका लांबलचक तक्त्यात सगळं कोंबतो. आम्हीही तेच केलं. एक न्यास आहे. तो देवळामागे वाचनालय चालवतो, त्याच इमारतीत रुग्णसाहित्य देतो आणि दुसऱ्या चौकात ज्येष्ठांसाठी फिजिओथेरपी ठेवतो. एका तक्त्यात हे तीन ओळींत आलं, न्यासाचा फोन तीन वेळा लिहिला गेला, आणि नंबर बदलला तेव्हा आम्ही दोन ठिकाणी दुरुस्त करून तिसरं विसरलो.

हा गोंधळ जगभर झालेला आहे. अमेरिकेत २११ हा नंबर फिरवून मदतीची माहिती विचारायची सोय १९९७ मध्ये अटलांटात सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. तरी शहराशहरातल्या याद्या एकमेकींशी जुळेनात. म्हणून २०१४ पासून 'ओपन रेफरल' नावाच्या उपक्रमाने अशा माहितीसाठी एक सामायिक ढाचा बांधला. त्याचा गाभा साधा आहे: संस्था एक, सेवा दुसरी, ठिकाण तिसरं, आणि 'ही सेवा या ठिकाणी' असं सांगणारी चौथी जोडओळ. वेळ आणि त्या जागेचा फोन जोडओळीत लिहायचे, कारण तीच सेवा दोन ठिकाणी वेगवेगळ्या वेळी चालते.

सेवा आणि संस्था वेगळ्या का ठेवायच्या, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे १०९८. हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि अनेक वर्षं स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यावर चालला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेला आणि ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडला गेला. नंबर तोच आहे, सेवा तीच आहे, चालवणारे बदलले. तीन याद्या वेगळ्या असतील तर अशा वेळी एक रकाना बदलून काम भागतं.

गूगल शीटमध्ये चार पानं करा. प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या: 'रुसा-००७' म्हणजे रुग्णसाहित्यातली सातवी नोंद. नाव बदलो, जागा बदलो, क्रमांक बदलायचा नाही आणि बंद पडलेल्या नोंदीचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

रकाने

नाव, पत्ता, फोन कुणीही लिहितं. लोकांचा हेलपाटा वाचतो तो पुढच्या रकान्यांमुळे.

पात्रता. 'ज्येष्ठांसाठी' एवढंच लिहू नका. कायद्याने ज्येष्ठ नागरिक साठाव्या वर्षी होतो. एसटीचं अर्धं तिकीट ६५ पासून, आणि ७५ च्या पुढे २०२२ पासून प्रवास मोफत. विरंगुळा केंद्राचा नियम आणखी तिसराच. आकडा लिहा.

कागदपत्रं. आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आणि झेरॉक्स चालते की मूळ प्रत लागते. निराधार योजनेसारख्या ठिकाणी हा रकाना सगळ्यात जास्त वाचला जातो.

पैसे. 'मोफत', 'अनामत परत मिळते', 'ऐच्छिक देणगी' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

कसं जायचं. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर कुणालाच कळत नाही. 'दत्तमंदिराला लागून जिना, पहिला मजला, लिफ्ट नाही' असं लिहा. लिफ्ट नाही हे लिहिलंच पाहिजे. व्हीलचेअर न्यायला येणाऱ्या घरात बहुधा गुडघे दुखणारंच माणूस असतं.

लोक काय म्हणतात. संस्थेच्या पाटीवर 'रुग्णोपयोगी साहित्य सहाय्य केंद्र' असतं. शोधणारा लिहितो 'वॉकर', 'हवेची गादी', 'पेशंटचा पलंग'. हे शब्द एका रकान्यात घालून ठेवा. 'जेष्ठ' हे चुकीचं शुद्धलेखनही तिथे घाला, कारण निम्मे लोक तसंच टाइप करतात. शुद्धलेखनाचा अभिमान पाटीपुरता ठेवा.

तपासल्याची तारीख आणि कुणी तपासलं. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे ०५-०६ हा मे की जून हा वाद उरत नाही. 'कुणी' मध्ये आद्याक्षरं पुरतात.

फोन कसा करायचा

नवख्यांना सगळ्यात जास्त धडकी याचीच असते. खाली आमच्या एका फोनचा बराचसा भाग जसाच्या तसा देते.

"नमस्कार, मी इथल्याच भागातून बोलतेय. आम्ही परिसरातल्या सेवांची यादी करतोय. दोन मिनिटं आहेत का?"

"काही विकायचंय का?"

"नाही हो. तुमच्याकडे व्हीलचेअर मिळते ना, ती माहिती बरोबर लिहायचीय."

"मिळते. पण दोनच आहेत आणि दोन्ही बाहेर आहेत."

"बरं. अनामत किती?"

"दोन हजार. वस्तू परत आणली की पैसे परत. भाडं नाही. वाटलं तर पेटीत टाका काही."

"रविवारी उघडं असतं?"

"असतं सकाळी. म्हणजे, मी असलो तर."

"हा नंबर यादीत दिला तर चालेल? सगळ्यांना दिसेल."

"हा नको, माझा घरचा आहे. ऑफिसचा घ्या."

यातून काय लिहायचं? 'दोन व्हीलचेअर' असं लिहायचं नाही, कारण शिल्लक रोज बदलते, 'व्हीलचेअर, वॉकर, आधी फोन करून विचारा' असं लिहायचं. रविवारपुढे 'सकाळी, फोन करून जावे'. अनामत दोन हजार, परत मिळते. आणि शेवटचा प्रश्न प्रत्येक फोनमध्ये विचारायचाच. आम्ही सुरुवातीला तो विचारत नव्हतो. काकूंच्या मुलाला भेटलेले ते सातवे गृहस्थ अशाच कुणाच्या तरी न विचारण्यामुळे तीन वर्षं फोन उचलत बसले आहेत.

फोन लागला नाही तर लगेच 'बंद' लिहू नका. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी लावा. तरीही नाही लागला तर कुणीतरी जाऊन बघा. आमच्या यादीत 'बंद' म्हणून गेलेलं एक पाळणाघर व्यवस्थित चालू निघालं. बाई दुपारी मुलं झोपली की फोन सायलेंटवर ठेवत.

एक्सेलच्या खोड्या

वेळेच्या रकान्यात १०-५ असं लिहिलंत की एक्सेल त्याची १० मे करून टाकतो. आमची एक अख्खी यादी अशी मे-जूनमध्ये उघडी राहणारी झाली होती. लिहायला सुरुवात करण्याआधी अख्खा रकाना 'टेक्स्ट' करा आणि वेळ १०:०० ते १७:०० अशी लिहा. तसंच फोनचं. पुण्याचा लँडलाइन ०२० ने सुरू होतो. रकाना आकड्यांचा असेल तर पुढचं शून्य गळतं. ९१ लावून बारा अंकी मोबाइल लिहिला तर त्याचं ९.१९ आणि पुढे घातांक असं काहीतरी होतं. फोन आणि तारखा मूळ तक्त्यात इंग्रजी आकड्यांतच ठेवा. देवनागरी आकडे एक्सेलला आकडे वाटत नाहीत. छापताना खुशाल देवनागरी करा.

फाइल सीएसव्ही, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारा साधा तक्ता, म्हणून देताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, नाहीतर समोरच्याला मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

नकाशासाठी अक्षांश-रेखांश लागतात. त्या जागी उभं राहून मोबाइलवर घ्या. दशांशानंतर पाच अंक पुरतात, तेवढ्यात एक-दीड मीटरपर्यंत जागा कळते. क्रम मात्र बघा. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५२ आणि रेखांश ७३.८५. उलटे लिहिलेत तर तुमची अंगणवाडी नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन पडते. आमच्या तीन पडल्या होत्या.

काय छापायचं नाही

इथे घाई नको. घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांसाठीच्या निवाऱ्यांचे पत्ते यादीत कधीच टाकू नका, ते कुठे छापलेले सापडले तरीही. शोधणाऱ्यांत बायकोच्या मागावर असलेला माणूसही असतो. तिथे फक्त १८१ आणि जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरचा संपर्क द्या. पुढचं ते बघतात. मुलांच्या निवासी संस्थांची माहिती देताना मुलांचे फोटो, नावं, कुणाची गोष्ट, काहीही नको. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने ते गुन्हाच आहे. एचआयव्ही, व्यसनमुक्ती, मानसिक आरोग्य यांच्या सेवा जरूर द्या, पण तिथे कोण येतं याची नोंद तुमच्याकडे असण्याचं काही कारण नाही. आणि लाभार्थ्यांची यादी नावाची गोष्ट तुमच्या हातात कुणी दिलीच, तर ती परत करा.

कार्यकर्त्यांचे खाजगी नंबर लेखी होकाराशिवाय नकोत. व्हॉट्सॲपवरचं 'चालेल' पुरतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

परवाना

यादीखाली परवान्याची एक ओळ लिहिली नाहीत तर ती कायद्याने खुली होत नाही, नुसती उघड्यावर पडलेली राहते. दोन सोपे पर्याय आहेत, दोन्ही 'क्रिएटिव्ह कॉमन्स' (सीसी) या तयार परवान्यांतले. सीसी झीरो म्हणजे काहीही करा, नावही नको. सीसी बाय ४.० म्हणजे वापरा, पण कुणाकडून घेतलं ते सांगा. आम्ही दुसरा घेतला, तोही उगीच. आता घेतला असता तर झीरो घेतला असता. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर जागा टाकायच्या असतील तर तिथला परवाना वेगळा आहे, ओडीबीएल. आपण स्वतः फिरून जमवलेली माहिती तिथे टाकायला अडचण नाही. गूगल मॅप्सवरून उचललेली मात्र तिथे टाकता येत नाही. सरकारी माहितीसाठी केंद्राचा खुला परवाना २०१७ पासून आहे, तो फाइलवर लिहिलेला असेल तर निर्धास्त वापरा.

जपणूक

यादी प्रसिद्ध झाली त्या दिवशी आम्ही बासुंदी केली. ती चूक होती. बासुंदी पहिल्या फेरतपासणीनंतर करायला हवी होती, कारण पहिल्या तीन महिन्यांतच चाळिसापैकी नऊ नोंदींमध्ये काही ना काही बदललेलं निघालं.

पद्धत अशी. तक्ता 'तपासल्याची तारीख' या रकान्यावर लावा, सगळ्यात जुनी वर. सोमवारी वरच्या तीन ओळी घ्या, फोन करा, तारीख बदला. झालं. कोणती महत्त्वाची, कोणती आधी, असला विचार करायचा नाही. सहा महिने उलटून गेलेली नोंद वाचणाऱ्याला राखाडी दिसेल अशी व्यवस्था करा आणि शेजारी 'जुनी माहिती' असं लिहा. लपवू नका. जुना नंबर आहे हे माहीत असलेला माणूस दुसराही नंबर लावून बघतो.

बंद पडलेली सेवा खोडू नका. 'बंद, जून महिन्यापासून' असं लिहा आणि जवळची दुसरी कोणती ते द्या. खोडली की दोन महिन्यांनी कुणीतरी उत्साहाने तीच पुन्हा घालतं.

चूक कळवायला एक नंबर द्या आणि कळवणाऱ्याला उत्तर द्या, अगदी 'दुरुस्त केलं, धन्यवाद' एवढं तरी. आमच्याकडे सर्वांत जास्त दुरुस्त्या एका मेडिकलवाल्यांकडून येतात. त्यांच्या काउंटरवर यादीची छापील प्रत असते आणि चुकीचा नंबर निघाला की गिऱ्हाईक परत त्यांच्याचकडे येऊन भांडतं. छापील प्रतीवर छापल्याची तारीख मोठ्या अक्षरात टाका. आमच्या पहिल्या प्रतीवर ती नव्हती, आणि एका दवाखान्यात ती अजून भिंतीवर आहे.

महिन्यातून एकदा सगळ्या पानांची प्रत वेगळ्या जागी ठेवा. आणि शीटची मालकी एका माणसाच्या खात्यावर ठेवू नका. आमच्या चौघांतली एक जण नोकरीसाठी बंगळूरला गेली, शीट तिच्या ऑफिसच्या खात्यावर होतं, तिने नोकरी बदलली आणि खातं बंद झालं. आदल्याच आठवड्यात उतरवलेली प्रत होती म्हणून वाचलो. आता यादीसाठी वेगळं खातं आहे, आणि त्याचा पासवर्ड दोन घरांत, चहाच्या डब्यांच्या मागे, कागदावर लिहिलेला आहे.